समासातला पुरावा

काल मला वाचनालयात दंड झाला. पुस्तक उशिरा परत केले म्हणून नव्हे, पान फाडले म्हणूनही नव्हे, तर एका रहस्यकादंबरीच्या तेविसाव्या पानावर ‘डॉक्टर’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढून समासात ‘हाच!’ असे लिहिल्याबद्दल. वास्तविक ते मी लिहिलेले नव्हते. उलट ते कोणी लिहिले याची तक्रार करायलाच मी गेलो होतो. पण तक्रार करणाऱ्याच्याच खिशात पेन्सिल असली की तपास फार लांबत नाही.

त्या एका शब्दाने माझे काय नुकसान केले, हे रहस्यकथा न वाचणाऱ्यांना कळायचे नाही. तेविसाव्या पानानंतर तो डॉक्टर कोणाची नाडी पाहायला वाकला तरी मला तो गळ्याचा अंदाज घेतो आहे असे वाटू लागले. माळी खुरपे धुऊन ठेवतो, वकील मृत्युपत्र दोनदा वाचतो, विधवा बहीण रात्री पत्रे जाळते. लेखकाने इतक्या मेहनतीने पेरलेले संशय माझ्यासमोर उगवायच्या आतच करपून गेले. आणि अखेर दोनशे चौदाव्या पानावर खुनी भलताच निघाला (कोण, ते मी सांगणार नाही, मला माणुसकी आहे), तेव्हा त्याच अक्षरात समासात लिहिले होते, ‘अरेच्चा!’ म्हणजे माझ्यासाठी कोणी रहस्य फोडलेसुद्धा नव्हते. एका अडाण्याचा चुकलेला अंदाज मी एकशे नव्वद पाने डोक्यावर वाहिला होता.

पोलिसी तपासाच्या कथांपेक्षा मला खासगी गुप्तहेरांच्या कादंबऱ्या अधिक का आवडतात, हे काल मला प्रथमच नीट उमगले. एडगर ॲलन पोने १८४१ मध्ये पॅरिसमधल्या दुहेरी खुनाची कथा लिहिली (त्यातला गुन्हेगारही मी सांगणार नाही, पावणेदोनशेहून अधिक वर्षे उलटली म्हणून काय झाले?), तेव्हापासून या खासगी गुप्तहेराकडे ना गणवेश असतो, ना वॉरंट, ना कोणाला बोलते करण्याचा अधिकार. तरीही तो दार वाजवतो आणि लोक त्याला आत घेतात, बसायला खुर्ची देतात आणि मंगळवारी रात्री साडेनऊला आपण कुठे होतो, हे मिनिटामिनिटाच्या हिशेबाने सांगतात. मला स्वतःच्या घरात ‘माझा चष्मा कोणी हलवला?’ या प्रश्नाचे उत्तर आजवर मिळालेले नाही. शेवटी तर तो सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात बसवून तासभर बोलतो. त्या तासात कोणाचा फोन वाजत नाही, कोणी ‘मुद्द्याचं बोला’ म्हणत नाही, आणि ज्याला उत्तर आधीपासून ठाऊक आहे तो खुनीसुद्धा शेवटपर्यंत जागचा हलत नाही. खुनाबिनाचे सोडा, आपले बोलणे कोणी असे ऐकून घेते, हेच मला त्या कादंबऱ्यांतले खरे नवल वाटते.

हे नवल आपल्याही वाट्याला येईल अशा समजुतीने मी पुस्तक टेबलावर ठेवून कारकुनाला निवेदन सुरू केले, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी ते उचलून तेविसावे पान नाकाजवळ धरले.

“लिहिणारा डावखुरा आहे,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“अक्षरं डावीकडे झुकली आहेत. तुम्ही डावखुरे आहात का?”

“नाही.”

“तसं दाखवताय. पुस्तक किती दिवस होतं तुमच्याकडे?”

“नऊ दिवस.”

“दोनशे पंधरा पानांना नऊ दिवस? मधे काय करत होतात?”

या माणसाला मला प्रश्न विचारण्याचा काडीचाही अधिकार नव्हता. असे असूनही मी पाहुण्यांचे येणे, मग त्यांचे न जाणे, डोळ्यांत घातलेले थेंब आणि त्यामुळे वाया गेलेल्या दोन संध्याकाळी, हे सारे तारीखवार सांगत गेलो, याची मला अजून लाज वाटते. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुप्तहेराच्या मठ्ठ मित्राची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी असावी, असा त्यातला एक नियम आहे. ही जागा रिकामी होती आणि मी आपणहून तीत जाऊन बसलो होतो.

“तुम्ही वाचली आहे का ही कादंबरी?” मी धीर करून उलटतपासणी सुरू केली.

“शेवटचं पान बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मी नेहमी तेच आधी वाचतो.”

“आधी?”

“मग काय, दोनशे पानं ताटकळत बसायचं? शेवट माहीत असला की बाकीची मंडळी कशी चाचपडतात ते बघायला मजा येते,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

मला मनापासून संताप आला, आणि त्या संतापातच आयुष्यातला पहिला तर्क सुचला. शेवटचे पान आधी वाचणारा माणूस तेविसाव्या पानावर निरपराध डॉक्टरभोवती गोल काढणे शक्यच नव्हते. माझा एकमेव संशयित त्याच्याच दुर्गुणामुळे निर्दोष ठरत होता! हे जाहीर करण्यासाठी मी रांगेकडे वळलो, घसा साफ केला, आणि रांगेतून आवाज आला, “लवकर आटपा हो.”

डॅशिएल हॅमेट रहस्यकथांचा लेखक होण्यापूर्वी पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. त्या संस्थेच्या चिन्हात एक उघडा डोळा आणि ‘आम्ही कधीही झोपत नाही’ हे वचन असे. अगदी तसाच डोळा आमच्या कारकुनाने माझ्या खिशातल्या पेन्सिलीवर रोखला आणि खोडरबर पुढे सरकवला. खोडा, नाहीतर दंड भरा. पुरावा नष्ट करणे माझ्या तत्त्वात बसत नसल्यामुळे मी दंड भरला. पावतीवर ‘पुस्तकात लेखन’ असे कारण आहे. रेमंड चँडलरच्या १९३९ च्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघत होता, तेव्हा त्यातल्या मोटारचालकाला कोणी मारले असे त्याला विचारले, तर ते त्यालाही सांगता आले नाही म्हणे. त्याच्या नावावर मात्र कोणी पावती फाडली नाही. आम्ही एक तपास निम्म्याहून अधिक सोडवतो आणि पैसेही आम्हीच मोजतो.

पावती घडी करून खिशात ठेवत होतो, तेव्हा गृहस्थांनी पुस्तकाचे शेवटचे पान उघडले, उभ्या उभ्या वाचले आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “हां, ही झाली आहे वाचून. ती विधवा बहीण असते, तिनंच मारलेलं असतं.”

रांगेतल्या बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“मी नेणार होते ते पुस्तक,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या.