कोकणात गुन्हेच नाहीत, मग पोलीस कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

गणपती गेले, चाकरमानी परतले आणि दोन दिवसांत भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. मग तोच वाडीच्या ग्रुपवर, मग दहावीच्या बॅचच्या. मजकूर थोडक्यात असा: कोकणात गुन्हे होतच नाहीत, ठाण्यातले पोलीस माश्या मारत बसतात, सागरी पोलीस ठाणी म्हणजे पांढरे हत्ती. निम्मी ठाणी बंद करा, सीसीटीव्ही लावा, गावात पोलीस पाटील आहेतच. वाचलेला पैसा हायवेला द्या. खाली जोडलेले हात आणि ‘खरा कोकणी असाल तर पुढे पाठवा’.

आमच्या ग्रुपवर तो टाकला आतेभावाने. दादा वयाने मोठा, डोंबिवलीला असतो. सगळ्यांसमोर त्याच्याशी हुज्जत घालणं बरं दिसेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘गुन्हे होतच नाहीत.’ मुंबई-ठाण्याच्या मानाने कमी होतात, हे मान्य. पण होतच नाहीत? २४ मार्च २०१२ ची पहाट आठवा. रायगडातल्या दिवेआगरच्या देवळात दोन रखवालदारांचा जीव घेऊन सुवर्णगणेशाचा मुखवटा पळवला होता.

ते सोडा. गुन्हा न घडू देणं हे काम कुठे मोजतात? आमच्याकडे मागे एकदा शिमग्याला पालखी आधी कुठल्या वाडीत जायची यावरून जुंपली. आदल्या संध्याकाळी हवालदार आले, सोबत एक होमगार्ड. सहाणेच्या, म्हणजे पालखी ठेवतात त्या कट्ट्यावर बसले. दोन्ही वाड्यांचे मानकरी समोरासमोर, पण कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना. हवालदारांनी कोरा चहा मागवला आणि जुनी प्रथा कोणाला काय आठवते, हे एकेका म्हाताऱ्याला विचारत बसले. मध्येच कोणीतरी उठून जायला निघाला, त्याला नावाने हाक मारून परत बसवला. (नाव माहीत होतं, हे महत्त्वाचं. बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या गावांत, चार वर्षं काढल्याशिवाय ते होत नाही.) रात्री साडेअकराला कागदावर सह्या झाल्या: यंदा वरची वाडी, पुढच्या वर्षी खालची. पालखी नाचली, कोणाचं डोकं फुटलं नाही. गुन्ह्यांच्या आकडेवारीत त्या रात्रीची नोंद शून्य. डोकं फुटलं असतं तर एक आकडा वाढला असता आणि दादाच्या हिशेबाने ठाणं कामाचं ठरलं असतं.

तीच गोष्ट गडग्याची, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणाची. रातोरात गडगा दोन फूट सरकतो, विहिरीची पायवाट कोणीतरी काट्या टाकून बंद करतो. बहुतेक वेळा अदखलपात्र म्हणून लिहून घेतात आणि विषय संपतो. पण बीट अंमलदाराची निम्मी नोकरी त्यातच जाते. शिवाय हल्लीचा चोर कौलं काढून येत नाही, फोनवरून येतो. घरी म्हातारा-म्हातारी, मुलगा मुंबईत, आणि फोनवर कोणीतरी सांगतो की तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे. असली अटक कायद्यातच नाही. पैसे गेले की १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. आमची माणसं लाजेपोटी तीन दिवस कोणाला सांगत नाहीत. हद्दीबाहेरचं प्रकरण आहे म्हणून तक्रार नाकारायची नाही, हे १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे. पण तक्रार द्यायला जवळपास ठाणं तर हवं.

‘सागरी ठाणी म्हणजे पांढरे हत्ती.’ इथे मी जरा थांबतो, कारण या वाक्यात थोडं खरंही आहे. अनेकांना वाटतं ही ठाणी २६/११ नंतर आली. तसं नाही. केंद्राच्या सागरी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा २००५ चा, म्हणजे दहा अतिरेकी समुद्रातून मुंबईत उतरण्याच्या तीन वर्षं आधीचा. इमारती, बोटी, गाड्या यांना पैसा केंद्राचा. माणसं राज्याने द्यायची. बोटीवर चढायला सागर जाणणारा माणूस लागतो, डिझेल लागतं, दुरुस्ती लागते. तिथे हात आखडला की बोट जेटीला बांधून राहते आणि मग लोक म्हणणारच, हत्ती आहे. अहो, चाराच घातला नाही तर तो चालणार कसा?

आणि किनाऱ्याला राखण नको म्हणणाऱ्याने १८ ऑगस्ट २०२२ आठवावा. हरिहरेश्वरच्या समुद्रात एक नौका भरकटत आली, आत तीन एके-४७. पुढे कळलं की इंजिन बंद पडल्यावर खलाशांनी ती जूनमध्येच मस्कतच्या बाजूला सोडून दिली होती, घातपाताचा त्यात संबंध नाही. पण हे कळेपर्यंत अख्खा रायगड नाकाबंदीत होता, आणि दहीहंडी दुसऱ्या दिवशी. सोडून दिलेली नौका जर दीड-पावणेदोन महिने वाहत किनाऱ्याला लागू शकते, तर मुद्दाम आणलेली का नाही लागणार?

आता उलट बाजूच्या मंडळींनाही एक आठवण. ‘फक्त पैसा वाढवा’ म्हणणारे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं उदाहरण देतात. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला त्यासाठीची स्फोटकं-हत्यारं उतरली तेव्हा वाटेत पोलीस नव्हते असं नाही. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला होता. लाच ठरली, हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. लाचेपायी पोलिसांना आणि कस्टमवाल्यांनाही शिक्षा झाल्या. तेव्हा नुसती संख्या वाढवून भागत नाही. पण यातून ठाणी बंद करा हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कळलेलं नाही.

‘सीसीटीव्ही लावा.’ लावा की. फक्त ३ जून २०२० चं निसर्ग वादळ विसरू नका. श्रीवर्धन-मुरूडकडची कित्येक गावं त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात होती. कॅमेरा झालेलं दाखवतो, तेही वीज असेल तर. सहाणेवर बसून चहा पीत नाही.

‘पोलीस पाटील आहेतच.’ आहेत, आणि १९६७ च्या कायद्याने आहेत. २०२४ मध्ये त्यांचं मानधन महिना १५,००० रुपये झालं, तेही बऱ्याच मागण्यांनंतर. त्यांचं मुख्य काम खबर देण्याचं. निम्मी ठाणी बंद केल्यावर ती द्यायची कोणाला?

‘पैसा हायवेला द्या.’ याला फार शब्द नकोत. पोलीस हा राज्याचा विषय, खर्च राज्याच्या गृह खात्याचा. मुंबई-गोवा हा राष्ट्रीय महामार्ग. पळस्पे ते इंदापूरचं काम २०११ पासून रखडलं ते ओरोसच्या हवालदाराच्या पगारामुळे नव्हे. आणि गणपतीत कशेडीपासून बांद्यापर्यंत उन्हातान्हात ती वाहतूक कोण सोडवतं, हे दादाने नुकतंच गाडीच्या काचेतून पाहिलंय.

हिशेब जरूर मागा. पहिला प्रश्न हा विचारा: गेल्या वर्षी सागरी ठाण्याची बोट किती दिवस पाण्यात होती आणि तिला डिझेल किती मिळालं? मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय.

दादाने फोनवर एवढंच विचारलं, “पण ११२ आहे ना आता?” आहे. तातडीच्या मदतीचा तो फोन उचलला जातो नवी मुंबईत किंवा नागपुरात. गाडी मात्र जवळच्या ठाण्यातूनच सुटते. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी रात्री दीडला लावला होता. एकट्या असतात, माळ्यावर पावलं वाजत होती. घाटीचा रस्ता उतरून जीप चाळीस मिनिटांत आली. दोघांनी बॅटरी घेऊन माळा धुंडाळला. केळीच्या घडापाशी कांडेचोर, म्हणजे उदमांजर, बसला होता. काकूंनी पोलिसांना त्यातलीच चार केळी दिली. नोंद, अर्थातच, शून्य.