फ्रिस्कोत म्हणे ‘झोपडपट्टी’ येतेय

टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या फ्रिस्कोसारख्या आमच्या उपनगरांत परवडणाऱ्या घरांची नुसती कुणकुण लागली, की मराठी ग्रुपांवर ठरलेला मजकूर फिरायला लागतो: ‘आपल्या टॅक्सच्या पैशातून सरकार सेक्शन ८ ची (गरिबांना भाड्यासाठी सरकारी मदत देणारी योजना) फुकट घरं बांधतंय. काम न करणारे लोक येणार, घरांच्या किमती ३० टक्के पडणार, शाळा बिघडणार. सह्या करा!’ मागच्या खेपेला मला तो चार ग्रुपांवर आला. एकाने तर खाली गणपतीच्या वर्गणीची लिंकही चिकटवली होती.

‘सरकार बांधतंय’ इथेच पहिली चूक. १९८६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकार राज्यांना लोकसंख्येच्या हिशेबात टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी सूट, देतं. राज्य अर्ज तपासून ते बिल्डरांना वाटतं. बिल्डर ते बँकांसारख्या गुंतवणूकदारांना विकून भांडवल उभं करतो आणि गुंतवणूकदारांचा फेडरल टॅक्स दहा वर्षं तेवढ्याने कमी होतो. बिल्डरचं कर्ज आटोक्यात राहतं. बदल्यात त्याला भाड्यावर मर्यादा मान्य करावी लागते. सरकारचं उत्पन्न बुडतं हे खरंच. पण घरकर्जाच्या व्याजाची वजावट घेताना आपल्यापैकी कितीजण त्याला ‘लोकांच्या टॅक्सचा पैसा’ म्हणतात?

म्हाडाची लॉटरी डोळ्यांसमोर आणू नका. इथे घर नावावर होत नाही, दर महिन्याला भाडं मोजावं लागतं.

आता ‘काम न करणारे’. समजा, भागातलं चौघांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न वर्षाला १,००,००० डॉलर आहे. ६० टक्क्यांची अट असेल तर ६०,००० पर्यंत कमावणारं कुटुंब पात्र. भाड्याची कमाल मर्यादा त्याच्या ३० टक्के, म्हणजे वीज-पाणी धरून महिना सुमारे १,५०० डॉलर. खोल्यांप्रमाणे थोडं इकडेतिकडे. भाडेकरूची नोकरी गेली तरी हे भाडं आपोआप उतरत नाही. सेक्शन ८ व्हाउचरमध्ये भाडेकरूचा वाटा त्याच्या कमाईवर ठरतो, ती योजना वेगळी. व्हाउचर आहे म्हणून या इमारती कुणाला नाकारू शकत नाहीत, तेवढा धागा दोन्हींत आहे. पण व्हाउचर नसेल तर पगाराशिवाय हे भाडं भरायचं कशातून? आमच्या देशी दुकानात सकाळी समोसे तळणाऱ्या ताई रोज पंचवीस मैलांवरून येतात. सातला कढई तापलेली हवी, म्हणून पाचला घर सोडतात. पे-स्टब (पगाराची पावती) घेऊन या घरांच्या रांगेत लागणार ती अशीच माणसं.

किमतींचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल या सुखवस्तू उपनगरात खटले आणि विरोध यांत दशकं गेली. शेवटी २००० साली एथेल लॉरेन्स होम्स उभी राहिली, तीही टॅक्स क्रेडिटवर. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी आजूबाजूच्या गावांशी तुलना केली. घरांच्या किमती, गुन्हे, कर, कशावरही परिणाम आढळला नाही. उलट बाजूही सांगतो. डायमंड आणि मॅकक्वेड या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१९ च्या अभ्यासात, श्रीमंत आणि अल्पसंख्याक कमी असलेल्या वस्त्यांत किमती सुमारे अडीच टक्के घसरलेल्या दिसल्या, तेही इमारतीपासून जेमतेम १६० मीटरच्या आत. गरीब वस्त्यांत त्या साडेसहा टक्के वाढल्या. अडीचचे तीस कुणी केले, देव जाणे.

शाळांचं म्हणाल, तर फ्रिस्को आयएसडीपुढे (इथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आज प्रश्न घटत्या पटसंख्येचा आहे. २०२४-२५ नंतर स्टेली मिडल स्कूल बंद झाली. दोन हजार साली जेमतेम ३४ हजार वस्तीचं हे गाव २०२० मध्ये दोन लाखांवर गेलं, आणि आता लहान मुलं असलेल्या जोडप्यांना इथली घरं झेपत नाहीत. तरी ओरड कसली, तर मुलं येतील म्हणून!

मजकुरात जे नाही, ते विचारायला मी यंदा शहराच्या कौन्सिलच्या सभेला जाणार आहे. भाड्याची मर्यादा किती वर्षं बांधलेली आहे? प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट मागितली आहे का? आणि सकाळी शाळेच्या वेळी आमच्या चौकात डावीकडे वळायला मला आताच तीन सिग्नल लागतात, त्याचं काय करणार? बोलायला माणशी मोजकीच मिनिटं मिळतात, तेव्हा सिग्नलचं आधी विचारीन.