म्योडलारॉइटची भिंत: फिरणाऱ्या मजकुरात काय आहे आणि घडलं काय

जर्मनीतल्या म्योडलारॉइट या खेड्याबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. सारांश असा: महायुद्धापर्यंत हे एकसंध गाव होतं, १९६१ साली बर्लिनप्रमाणे इथंही एका रात्रीत भिंत उभी राहिली आणि गावाचे दोन तुकडे झाले, ९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली, गाव पुन्हा एक झालं आणि आता फाळणीची खूणही उरलेली नाही. वाचायला छान वाटतं, म्हणून लोक पुढे पाठवतात. पण यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे आणि त्यामुळे पन्नासेक माणसांच्या या वस्तीनं प्रत्यक्षात काय सोसलं, ते झाकून जातं.

“महायुद्धापर्यंत एकसंध गाव होतं.” कागदोपत्री नव्हतं. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा जातो. एका उडीत ओलांडता येईल एवढाच. १८१० मध्ये त्याच्या काठानं सीमेचे दगड रोवले गेले: एकीकडे बव्हेरियाचं राज्य, दुसरीकडे रॉइस हे छोटं संस्थान. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले, संस्थानं गेली, १९२० मध्ये रॉइसच्या बाजूला थुरिंगिया हे नवं राज्य झालं, पण सीमा ओढ्यावरच राहिली.

आणि तरीही गाव एकच होतं. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, तर प्रार्थनेसाठी सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनच्या चर्चमध्ये जात. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सीमा होती आणि तिचा कुणाला जाच नव्हता. फिरणाऱ्या मजकुरातून हीच गोष्ट गळते आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. सीमा असूनही नीट नांदणारं गाव होतं, हे कळल्याशिवाय पुढचं नुकसान केवढं होतं ते समजतच नाही.

“१९६१ मध्ये एका रात्रीत भिंत.” वर्षही चुकीचं आणि ‘एका रात्रीत’ तर त्याहून चुकीचं. युद्धानंतर हाच ओढा सोव्हिएत आणि अमेरिकी ताब्यातल्या प्रदेशांमधली हद्द ठरला आणि १९४९ पासून दोन जर्मन देशांमधली: थुरिंगियाची बाजू पूर्व जर्मनीत, बव्हेरियाची पश्चिम जर्मनीत. तरी सुरुवातीला परवाना घेऊन ये-जा करता येत होती. खरा घाव बसला १९५२ च्या मे महिन्यात. पूर्व जर्मनीच्या सरकारनं हद्दीला लागून दहा मीटरचा नांगरलेला पट्टा, मग पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा आणि पाच किलोमीटरचा निर्बंधित प्रदेश आखला. पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्यांनी अंधार पडल्यावर घराबाहेर पडायचं नाही. सरकारला ‘भरवशाची’ न वाटलेली माणसं हद्दीलगतच्या गावांतून सक्तीनं उठवली गेली. म्योडलारॉइटमध्ये ओढ्याकाठी फळ्यांचं उंच कुंपण उभं राहिलं. पूर्वेकडच्या लोकांना पलीकडे हात करायलाही बंदी होती. आयुष्यभराचा शेजारी समोर दिसतोय, आणि त्याला ओळख दाखवायची नाही.

म्हणजे बर्लिनची भिंत उभी राहिली, तेव्हा म्योडलारॉइट तुटून नऊ वर्षं झाली होती. इथली काँक्रीटची भिंत आली ती १९६६ मध्ये: सुमारे सातशे मीटर लांब, ३.३ मीटर उंच. अमेरिकी सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणायचे आणि नाव चिकटलं. दिसायला सारखं होतं खरं, पण १९६३ च्या नाताळात पश्चिम बर्लिनच्या लोकांना परवान्यावर पूर्वेकडच्या नातेवाइकांना भेटता तरी आलं. १९७३ पासून सीमेलगतच्या पश्चिम जर्मनांनाही पूर्वेकडच्या जवळच्या जिल्ह्यांत जाण्याची सोय झाली. पण पूर्व म्योडलारॉइट संरक्षित पट्ट्यात येत असल्यानं ही सोय ओढ्यापलीकडच्या घरापुरती निरुपयोगी होती. त्याच १९७३ मध्ये एक माणूस शिडी लावून ही भिंत चढून पलीकडे निसटला. बाकीच्यांनी वाट पाहिली.

“९ नोव्हेंबरला भिंत पडली.” त्या रात्री बर्लिनचे नाके उघडले. म्योडलारॉइटमध्ये नाकाच नव्हता, त्यामुळे इथं भिंतीतून पायी जायची वाट उघडायला ९ डिसेंबर उजाडला. भिंत पाडायला यंत्र लागलं ते आणखी सहा महिन्यांनी, १७ जून १९९० ला.

“गाव पुन्हा एक झालं.” माणसं एक झाली, प्रशासन नाही. आजही ओढ्याच्या एका बाजूची घरं बव्हेरियातल्या ट्योपेन ग्रामपालिकेत आहेत आणि दुसऱ्या बाजूची थुरिंगियातल्या गेफेल नगरपालिकेत. पिन कोड दोन, गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरं वेगळी, विधिमंडळं वेगळी. ६ जानेवारीला बव्हेरियाच्या बाजूला सुट्टी असते आणि थुरिंगियाच्या बाजूला कामाचा दिवस; ३१ ऑक्टोबरला बरोबर उलटं. यात रडण्यासारखं काही नाही. १८१० नंतर जशी व्यवस्था होती, साधारण तीच परत आली आहे. दोन राज्यांत राहूनही शेजारधर्म पाळता येतो, हे या गावाला ठाऊक होतंच.

“खूणही उरलेली नाही.” उलट ती मुद्दाम जपली आहे. भिंतीचा एक तुकडा, टेहळणीचा मनोरा आणि लोखंडी कुंपण आपापल्या जागी उभं आहे. १९९० मध्येच इथं जर्मन फाळणीचं संग्रहालय सुरू झालं. ते चालवण्यात ट्योपेन आणि गेफेल या दोन्ही बाजूंच्या स्थानिक संस्थांचा वाटा आहे.