शेरा लाल शाईत, उवा साऱ्या वर्गात

काल लेकीच्या शाळेच्या दैनंदिनीत लाल शाईने शेरा आला: ‘पाल्याच्या डोक्यात उवा आहेत. घरी स्वच्छता राखावी.’ खाली दोन रेघा आणि पालकांच्या सहीसाठी मोकळी जागा. हा शेरा बाईंनी तिला वर्गासमोर उभी करून लिहिला आणि मग शेवटच्या बाकावर एकटीला बसवले. ज्या बाई एका बाकावर तीन-तीन मुली कोंबतात, गटकार्याच्या नावाखाली सहा डोकी एका तक्त्यावर टेकवून रंगकाम करून घेतात, त्यांनी मला स्वच्छता शिकवावी! ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती या डोक्यावरून त्या डोक्यावर सरपटत जाते, आणि ते डोके आज न्हाले की आठवड्यापूर्वी, याच्याशी तिला काहीही देणेघेणे नसते. शिवाय पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे माझी लेक डोके खाजवताना बाईंना दिसली, त्याच्या कितीतरी आधीपासून हा माल वर्गात फिरत असणार. मग आता तिला शेवटच्या बाकावर बसवून नेमके काय साधले, तिला रडवण्याखेरीज?

घरी तर सल्लागारांची रांगच लागली आहे. तळमजल्यावरच्या काकूंना ‘आमच्या वेळी’ रॉकेल चोळत असत याचा अजून अभिमान आहे; ते पेट घेते, हे त्यांना सांगायचे कोणी? आत्याबाई सीताफळाच्या बियांची पूड घेऊन आल्या. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे सांगितल्यावर त्या रुसून चहा न घेता गेल्या, तेवढाच फायदा. औषधाच्या दुकानदाराने साऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘उवांचं का, ताई?’ असे विचारले आणि वर ‘एकदा लावलं की झालं’ असे ठोकून दिले. एकदा! एक टक्का परमेथ्रिनचे लोशन दहा मिनिटे ठेवून धुतले की चालत्या उवा मरतात, पण लिखा सगळ्या मरत नाहीत, आणि त्या सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवसाच्या सुमारास दुसरा हात द्यावाच लागतो आणि मधल्या काळात ओल्या केसांना कंडिशनर चोपडून, एकेक बट वेगळी काढून, बारीक दातांच्या फणीने विंचरत बसावे लागते. लेक किंचाळत असते, माझी मान अवघडलेली असते, आणि ज्यांच्या टकलाकडे कोणतीही ऊ ढुंकून पाहणार नाही असे आमचे हे गाद्या उन्हात टाकण्याचा आदेश देऊन वर्तमानपत्रात शिरतात. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत आपोआप मरते, पण वर्तमानपत्रापुढे बोलून उपयोग काय?

माझीही दशा आता फारशी सभ्य राहिलेली नाही. लोकलच्या महिला डब्यात समोर बसलेल्या बाईंच्या भांगात मी लिखा शोधते, लग्नात नवरीच्या गजऱ्याआड माझी नजर जाते, आणि पर्समध्ये कंगव्याऐवजी उवांची फणी निघाली तेव्हा मला लाज वाटली नाही, उलट धार तपासावीशी वाटली.

एकीच्या डोक्यातल्या उवा मारून काही होणार नाही, म्हणून मी काल रात्रीच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले की, येत्या रविवारी सगळ्यांनी मुलींची डोकी तपासावीत आणि ज्यांना लागेल त्यांनी त्याच दिवशी औषध लावावे. लगेच उत्तरे आली: ‘आमच्याकडे असलं काही नाही.’ ‘आम्ही रोज केस धुतो.’ वर जोडलेल्या हातांची चित्रे. त्यांतल्या सर्वांत ठसक्यात नकार देणाऱ्या आईने थोड्याच वेळात मला एकटीला निरोप पाठवला: ‘ताई, औषधाचं नाव काय? फणी कुठे मिळाली? कोणाला सांगू नका हं.’ मी नाव कळवले, फणीचा फोटो पाठवला आणि दुसरा हात चुकवू नका, असे ठणकावून लिहिले. कारण त्यांची लेक आणि माझी लेक रोज एकाच रिक्षात एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून पेंगत शाळेला जातात.