पाइप मोठा करा, नाव आपोआप मोठं होईल

तुमच्याकडे एक लिटरची टर्बो हॅचबॅक असेल, ईएमआयची अजून तीन वर्षं बाकी असतील आणि वॉरंटी चालू असेल तर एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप, बदलायची हीच वेळ आहे. वॉरंटी संपल्यावर कोणीही बदलेल, त्यात कसली मर्दुमकी? आणि कंपनीने दिलेला तो आवाज, त्याला आवाज म्हणायचं का, आजीच्या शिवणयंत्रावर कोणीतरी गोधडी टाकलीय असं वाटतं. मी स्वतः सगळं करून बसलोय, त्यामुळे अनुभवाचे बोल फुकटात देतोय, घ्या.

आधी थोडी थिअरी पाठ करा, घरी पैसे मागताना लागते. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम गॅसवर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची, झाला टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, जे वाया जातंय तेच वापरायचं एवढीच मूळ आयडिया, हा माणूस आमच्या सदाशिव पेठेत जन्मला असता तर त्याने आधी शिळ्या पोळीचं पेटंट घेतलं असतं. तर मुद्दा असा की टर्बाइनच्या, म्हणजे त्या पहिल्या पंख्याच्या, आधी प्रेशर जास्त आणि नंतर कमी, हा फरक जेवढा मोठा तेवढा पंखा जोरात फिरणार. म्हणून टर्बोच्या मागचा रस्ता जितका मोकळा तितकं चांगलं. टपरीवर कोणीतरी भेटेलच जो चहाचा ग्लास हलवत सांगेल की "भाऊ, थोडं बॅकप्रेशर लागतंच, नाहीतर टॉर्क जातो," म्हणजे पाइपात गॅसला थोडी अडवणूक हवी, नाहीतर गाडीची ओढ जाते. टर्बो गाडीत तसं काही नसतं, पण वाद घालू नका, पुढे हाच माणूस तुमचा जुना मफलर, म्हणजे सायलेन्सर, विकत घेणार आहे.

आता खरा गळा कुठे आवळलेला असतो? टर्बोला लागूनच जो डाउनपाइप असतो त्यात, कारण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लाडाने कॅट, तिथेच बसवलेला असतो. म्हणून सुरुवात नेहमी मागून करा. मागचा मफलर बदला, त्याने पॉवर मोजण्याइतकीही वाढत नाही पण लोकांना तोच दिसतो. दुधाच्या भांड्याएवढं टोक, जमल्यास निळसर झाक मारलेलं, घ्याच. दुकानदार सांगेल की हे एसएस ३०४, म्हणजे चांगल्यातलं स्टेनलेस स्टील, आहे आणि लोहचुंबक लावून दाखवेल, चिकटत नाही बघा. तुम्ही इम्प्रेस व्हा. २०२ नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि कंपन्या बऱ्याचदा जे ४०९ वापरतात ते मात्र चिकटतं, त्यामुळे या परीक्षेत फक्त कंपनीचाच पाइप नापास होतो, पण दुकानदाराचा एवढा छान प्रयोग मोडू नये.

काही जण हेडर्स, म्हणजे इंजिनातून गॅस गोळा करणारे पहिले पाइप, बदला असंही सांगतील. अवश्य विचारा किती पडतील. आजकालच्या बऱ्याच छोट्या टर्बो इंजिनांत हाच भाग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, वेगळा काढताच येत नाही, टर्बो सरळ हेडवर बोल्ट केलेला. मला एकाने तरी अठरा हजार सांगितले होते, डिस्काउंट देऊन. न सापडणाऱ्या वस्तूवर डिस्काउंट देणारा माणूस मला तेव्हा फार प्रामाणिक वाटला आणि पुढचं सगळं काम मी त्यालाच दिलं.

तर डाउनपाइप. शनिवारी सकाळी दहाला गाडी दिली, रॅम्पवर चढवली, खाली एक पोरगा पाठीवर झोपून गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० मारतोय आणि बोल्ट काही सुटेना कारण तो भाग कित्येकशे डिग्रीच्या गॅसशी संसार करून बसलेला, शेवटी गॅसकटरची ज्योत लावली तेव्हा कुठे एक सुटला आणि दुसरा तुटला. "होतं दादा, टेन्शन नका घेऊ." दुपारी तीनला जुना पाइप बाहेर आला, कॅटसकट, तापून तपकिरी झालेला, आत बघितलं तर मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे सोनाराच्या दुकानातले पाहुणे पातळ थराने बसलेले असतात, तेच विषारी धुराचं काम तमाम करतात. मालकाने खिशातून पांढरा मार्कर काढला आणि पाइपच्या अंगावर माझ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिले, हरवू नये म्हणून. मग म्हणाला, "हे घरी नेऊन काय करणार, वहिनी ओरडतील. राहू द्या इथेच, भंगारात गेलं तर दोनशे रुपये येतील, पोरांना चहा होईल."

मी म्हटलं राहू द्या. तुम्हीही तसंच म्हणा. एवढ्या व्यवहारात पोरांना चहा पाजल्याचं पुण्य तरी लागतं.

नवा पाइप चकाचक होता, आरपार दिसायचं, टेलिस्कोपसारखा. त्याला पांढरी हीट रॅप गुंडाळली, कारण कंपनीचं हीट शील्ड नव्या पाइपवर बसेना. ही पट्टी पहिल्यांदा तापली की धूर सोडते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सिग्नलला थांबलो तर बॉनेटच्या फटीतून धूर, बाजूचा रिक्षावाला काच ठोकून "ओ साहेब, गाडी पेटली!" म्हणून ओरडतोय, एका बाईंनी पोरांना ओढून फुटपाथवर घेतलं, मागच्या टेम्पोचा क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन धावत आला आणि मी आत बसून सांगतोय की नाही हो, हे नॉर्मल आहे, परफॉर्मन्स पार्ट आहे. त्याने तरी पाणी ओतलंच. चांगली माणसं आहेत आपल्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर पिवळं इंजिन उगवलं. स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०. म्हणजे कॅट आपलं काम नीट करत नाहीये. करणार कसं, ते गॅरेजात पोरांच्या चहाची सोय करत होतं. पण कोडचा नंबर बघा, ४२०! आपल्या सरकारने २०२४ च्या जुलैपासून आयपीसी गुंडाळून भारतीय न्याय संहिता आणली, फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, पण गाडीला अजून जुनंच पाठ आहे. फक्त यात आरोपी कोण आणि फिर्यादी कोण ते तिने सांगितलं नाही.

यावर उपाय आहे, घाबरू नका. कॅटच्या मागे एक ओटू सेन्सर असतो, तो आतून येणाऱ्या गॅसमधल्या ऑक्सिजनचा चढउतार शांत झालाय का ते बघतो. त्याच्याखाली एक पोकळ नट लावायचा, स्पेसर म्हणतात त्याला, म्हणजे सेन्सर मूळ धारेपासून जरा लांब बसतो आणि त्याला सगळं आलबेल वाटतं. दहावीच्या परीक्षेत सुपरवायझरला खिडकीकडे खुर्ची देतात तसं. माझा सुपरवायझर दोन आठवडे फसला, मग त्याला पुन्हा दिसायला लागलं.

आणि पॉवर? बरं झालं आठवण केलीत, मी विसरलोच होतो. किती टॉर्क द्यायचा हे ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, आधीच लिहिलेलं असतं. १७५ एनएम म्हणजे १७५. पाइप मोकळा केल्यावर टर्बो जरा लवकर जागा होतो, एवढं खरं, पण ठरलेला बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचं प्रेशर, आला की ईसीयू वेस्टगेट नावाची झडप उघडून जास्तीचा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडून देतो. महापालिकेने रस्ता खणून केवढीही मोठी पाइपलाइन टाकली तरी आपल्या नळाला पाणी सकाळी सहा ते आठच येणार, तसं. उलट वेस्टगेट लहान पडलं तर बूस्ट आवरेनासा होतो आणि गाडी स्वतःला वाचवायला पॉवर कापून लिंप मोडमध्ये जाते, मग मागून येणारी एसटीसुद्धा हॉर्न देऊन पुढे निघून जाते. म्हणून रीमॅप करायचा, म्हणजे ईसीयूत लिहिलेलंच बदलायचं, स्टेज वन, स्टेज टू, पहिल्यापेक्षा दुसऱ्याला पैसे जास्त. रीमॅपने मात्र गाडी खरंच पळते, इथे मी चेष्टा करत नाहीये. क्लच आणि गिअरबॉक्स त्यासाठी बनलेत का हा प्रश्न त्यांना विचारायचा असतो, ते उत्तर देतात, जरा उशिरा देतात.

रीमॅपबरोबर पॉप्स अँड बँग्स टाकून घ्यायला विसरू नका. अॅक्सिलरेटर सोडला की ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची, पेट्रोल सिलिंडरऐवजी पाइपात जळतं आणि फटफट असा लवंगी माळ लावल्यासारखा आवाज येतो. महागडी स्पोर्ट्स गाडी करते ते आपली हॅचबॅक करायला लागते. कॅट उरला असेल तर तोही यात हळूहळू भाजून निघतो, पण आपला तर आधीच मुक्कामाला गेलाय, त्यामुळे ती काळजी मिटली.

आवाजाचं जरा सविस्तर सांगतो कारण पैसे त्याचेच दिलेत. टर्बो स्वतःच अर्धा सायलेन्सर असतो, गॅसचे ठोके पंख्यातच मोडतात, त्यामुळे तीन सिलिंडरच्या गाडीतून जे निघतं ते गर्जना वगैरे नसून चिडलेल्या डासाने भोंग्यात तोंड घातल्यासारखं काहीतरी असतं. कात्रजच्या नव्या बोगद्यात सगळ्या काचा खाली करून जाऊन बघा, शेजारच्या लेनमधला एकतरी माणूस तुमच्याकडे वळून बघतो. ते सुख चार दिवसांचं. मग एक्सप्रेसवेला लागा. २४०० आरपीएमला तीन सिलिंडरचे ठोके सेकंदाला साठ पडतात, सगळी केबिन त्याच सुरात घुमायला लागते, ड्रोन म्हणतात त्याला, आणि तुम्ही नेमके तासन्‌तास त्याच आरपीएमला चालवत असता कारण लिमिट १००. लोणावळ्यापर्यंत आई काही बोलली नाही. खालापूरला म्हणाली, "गिरणीतून दळण आणायला आल्यासारखं वाटतंय रे." बाबा मागे कानात कापूस घालून झोपले होते, तो कापूस त्यांनी घराजवळच्या मेडिकलमधून आधीच घेऊन ठेवला होता.

सोसायटीची काळजी करू नका, सोसायटी तुमची काळजी करेल. रहिवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, ते मला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी प्रिंटआउट काढून दिलं, हायलाइटर मारून. बेसमेंटमध्ये सकाळी थंड इंजिन चालू केलं की कॅट नसल्याने कच्च्या पेट्रोलचा वास दोन मजले वर जातो. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दोनदा गॅस एजन्सीवाल्याला बोलावून गेल्या, मी दोन्ही वेळा त्यांच्याबरोबर जिन्यात उभा राहून नाक वर करून वास घेतला.

कायद्याचं पटकन उरकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२-ए प्रमाणे गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, तोही प्रत्येक बदलामागे, म्हणजे डाउनपाइप, मिडपाइप, मफलर असं वेगवेगळं बिल बनवून घेऊ नका, मी घेतलं होतं. धूर आणि आवाजासाठी कलम १९० वेगळं, पहिल्या वेळी १०,००० पर्यंत आणि तीन महिने लायसन्स बाद. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात, ते बघून बुलेटवाल्यांना हसू नका, पुढची ओळ कोणाची असेल सांगता येत नाही.

माझं घोडं शेवटी पीयूसीला अडलं. नळी पाइपात घातली, आकडे वर वर वर, तो पोरगा माझ्याकडे बघतोय, मी झाडाकडे. "दादा, हे नाही बसणार." कंपनीचा नवा कॅट विचारला तर आकडा ऐकून मी तो फोनवर परत म्हणवून घेतला, मला वाटलं चेसिस नंबर सांगतायत.

म्हणून पुन्हा त्याच गॅरेजात गेलो. मालकाने प्रेमाने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "नशीब चांगलंय तुमचं, एक ओरिजिनल पीस आलाय, कमी चाललेला, सिंगल ओनर. बत्तीस लागतात, पण तुम्ही घरचे, अठ्ठावीस द्या." पोरगा आतून गोणपाटात गुंडाळलेला पाइप घेऊन आला. गोणपाट बाजूला झालं. तपकिरी अंगावर पांढऱ्या मार्करचे चार आकडे, जरा पुसट झालेले, पण वाचता येत होते.

मी आकड्यांकडे बघितलं, त्याने पण बघितलं. मग अंगठ्याला थुंकी लावून ते नीट पुसले आणि म्हणाला, "फिटिंगचे वेगळे होतील, दादा."