रायगडाची जोती आणि विल्यम्सबर्गचा महाल

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले आणि दुसऱ्या सकाळपासून वाद सुरू झाला. आतेभावाचं म्हणणं, "दादा, तू तिकडे बघतोसच की. अमेरिकेत अडीचशे वर्षांपूर्वीचं अख्खं गाव पुन्हा उभं केलंय. मग रायगडावरचा राजवाडा आपण का बांधू नये?" काका म्हणाले, गडाच्या दगडाला कुणी बोटही लावायचं नाही. दोघांनीही साक्षीला मलाच ओढलं, कारण मी व्हर्जिनियात रिचमंडला राहतो आणि ते गाव, म्हणजे विल्यम्सबर्ग, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. भारतातून कुणीही आलं की आम्ही त्यांना तिथे नेतो.

विल्यम्सबर्ग ही १६९९ ते १७८० व्हर्जिनियाची राजधानी होती. राजधानी रिचमंडला हलली आणि गाव पेंगुळलं. १९२६ साली तिथल्या चर्चचे धर्मगुरू गुडविन यांनी धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना गळ घातली आणि जीर्णोद्धार सुरू झाला. जुन्या अठ्ठ्याऐंशी इमारती दुरुस्त झाल्या, शेकडो नव्याने बांधल्या गेल्या. मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्यांना बंदी आहे आणि तिथे फिरायला पैसे पडत नाहीत. इमारतींच्या आत जायचं तर मात्र तिकीट, आणि ते चांगलंच महाग आहे.

आतेभावाला भावतो तो गव्हर्नरचा महाल १७८१ च्या डिसेंबरात जळून गेला होता. आज दिसतो तो १९३४ साली लोकांसाठी उघडलेला. पण तो बांधणाऱ्यांच्या हाती काय होतं ते पाहा: जमिनीखालचा पाया, थॉमस जेफरसनने स्वतः मापं घेऊन काढलेला नकाशा, आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात १९२९ साली मिळालेली तांब्याची कोरीव प्लेट, जिच्यावर महालाचा दर्शनी भागच आहे. एवढं असूनही त्याच गावातल्या विधानभवनाच्या फेरबांधणीत चुका राहिल्या. वास्तुविशारदांना सममितीची ओढ होती आणि तिच्यापायी त्यांनी पुराव्याला मुरड घातली, असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं. इमारत मात्र उभी आहे आणि रोज शेकडो माणसं तीच खरी म्हणून मनात घेऊन घरी जातात.

रायगडही जळला, मे १८१८ मध्ये, इंग्रजांच्या तोफांनी. आपल्याकडे उरली ती जोती. छपरं कशी होती, खांबांवर कोणतं काम होतं, याचं त्या काळचं चित्र आपल्याजवळ नाही. मग जो राजवाडा आपण बांधू तो महाराजांचा कसा असेल? तो आपल्या काळातल्या कुणा कंत्राटदाराचा असेल. आतेभावाची तळमळ मला कळते, मोकळ्या चौथऱ्यासमोर उभं राहून माझ्याही घशात आवंढा येतो. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे.

पण काकांशीही मी पूर्ण सहमत नाही. विल्यम्सबर्गात माझा पाय थबकतो तो लोहारसाळेपाशी. तिथला लोहार वेष करून उभा असतो एवढंच नाही, तो खरोखर लोहार असतो. आधी वर्षानुवर्षं शिकाऊ म्हणून भट्टीवर राबतो, मग कारागीर होतो. त्याने घडवलेले खिळे, बिजागऱ्या गावातल्याच इमारतींना लागतात. तिथे पिंपं करणारे, छापखान्यातले, पुस्तकं बांधणारे, केसांचे टोप करणारे आहेत. उन्हाळ्यात मुलांना अनवाणी चिखल तुडवू देतात, त्याच्या विटा थापून शरद ऋतूत भट्टी लावतात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना गुडघ्यापर्यंत चिखलात होती. त्या विटांचं पुढे काय झालं, हे ती अजून विचारते.

तिथून कलोनियल पार्कवे हा रस्ता धरला की एका टोकाला यॉर्कटाउन. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इथे ऑक्टोबर १७८१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शरणागती पत्करली. पुढे हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि टिपूविरुद्धच्या लढाईत हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूला होते. मराठी पाहुण्यांना हे सांगितलं की ते गवत वाढलेल्या मातीच्या त्या साध्या बुरुजांकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.

दुसऱ्या टोकाला जेम्सटाउन. १६०७ सालचा तिथला इंग्रजांचा कोट नदीने गिळला असंच धरून चालले होते. विल्यम केल्सो यांनी १९९४ साली खोदायला घेतलं आणि कोटाच्या लाकडी कुंपणाचे काळे डाग मातीत दिसले. खोदकाम अजून चालू आहे. दोरीपलीकडे तुम्ही उभे, आणि खड्ड्यातली मुलगी खुरपणी थांबवून सांगते की सकाळी काय निघालं. गेल्या खेपेला माझे वडील तिथून तासभर हलले नाहीत.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. अठराव्या शतकात विल्यम्सबर्गची निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती, बहुतेक सगळे गुलाम. जीर्णोद्धार झाल्यावर कित्येक वर्षं त्यांच्याबद्दल जवळपास चकार शब्द नव्हता. कृष्णवर्णीयांच्या जुन्या बाप्टिस्ट चर्चची इमारत १९५५ मध्ये पाडली आणि पुढे तिथे डांबरी वाहनतळ केला. २०२० साली, वंशजांना सोबत घेऊन, हे गाव चालवणाऱ्या संस्थेनेच तो वाहनतळ उखडला. खाली चर्चचे पाये निघाले, कबरी निघाल्या.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे, 'सेवेचे ठायी तत्पर'. पण दगड वाहणारे, तळी खोदणारे, गडावर दाणागोटा चढवणारे कोण होते? त्यांच्या वाड्या आजही पायथ्याला आहेत. २०१९ साली किल्ले हॉटेलांना आणि लग्नांना भाड्याने देण्याच्या बातमीवर महाराष्ट्र उसळला, ते योग्यच झालं. पण वारशाच्या यादीतल्या नावामुळे जो पैसा येईल तो कुठे जाणार, यावर तसं कुणी उसळत नाही. पाचाडच्या, हिरकणीवाडीच्या पोरांना पगारी शिकाऊ म्हणून घ्या. चुना मळायचा घाणा, पाथरवटाचं काम, उत्खननातली मापं त्यांना शिकवा आणि तेच लोकांसमोर करू द्या. खोदकाम पत्र्याआड ठेवू नका. आणि पहाटे चार वाजता टॉर्च घेऊन गड चढणाऱ्या पोराला आज बहुतेक किल्ल्यांवर जी मोकळीक आहे, ती तिकिटाच्या खिडकीपाशी हरवू देऊ नका. इथे राहून तिची किंमत मला कळली आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी उत्तर दिलं नाही. आतेभावाने विचारलं, "घाण्यात चुना मळणारं कुणी उरलंय का रे?" डिसेंबरात येतोय. दोघं मिळून पाचाडला जाऊन विचारणार आहोत.