पंधरा मिनिटांचे चालणे ‘शून्य’ ठरवणाऱ्या संदेशाला उत्तर

गेले काही दिवस नागपुरातील कौटुंबिक आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर व्यायामाविषयीचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. ‘एका नामांकित हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला’ असे त्याचे शीर्षक आहे. मात्र त्या नामांकित तज्ज्ञाचे नाव संदेशात कुठेही नाही. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : रोज १० हजार पावले किंवा सलग ४५ मिनिटे चालले तरच तो व्यायाम, त्याहून कमी म्हणजे शून्य. रिकाम्या पोटी, कपडे घामाने भिजेपर्यंत चालावे. घाम आला नाही तर हृदयाला काहीच मिळाले नाही. पहिली ४० मिनिटे शरीर फक्त साखर जाळते, चरबीला हात लावत नाही. घरकाम व्यायामात धरू नये. एक दिवस खंड पडला की आठवड्याची मेहनत वाया. आणि साठीनंतर वजन अजिबात उचलू नये.

असे संदेश रोज येतात आणि मी ते न वाचता पुढे जातो. हा मात्र प्रतापनगरात राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोहोचला. ती ६९ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे आणि गुडघे कुरकुरतात. तरीही संध्याकाळी घराजवळच्या बागेत ती पंधरा-वीस मिनिटे नेमाने चालत असे. संदेश वाचल्यावर तिने ते बंद केले. “एवढ्याने काही होतच नाही म्हणतात, मग उगाच गुडघे कशाला झिजवू?” असे तिने मला फोनवर विचारले. पंचेचाळीस मिनिटे तिला झेपत नाहीत आणि पंधरा मिनिटांना किंमत नाही असे कोणीतरी ठरवून टाकले, म्हणून तिच्या वाट्याला बसून राहणे आले.

या ‘शून्या’चे उत्तर नेमक्या आकड्यांत उपलब्ध आहे. तैवानमध्ये १९९६ ते २००८ या काळात ४ लाख १६ हजारांहून अधिक लोकांची सरासरी आठ वर्षे नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मान्य शिफारशीपेक्षा निम्मा व्यायामही उपयोगी पडतो का, हाच त्याचा प्रश्न होता. आठवड्याला सरासरी ९२ मिनिटे, म्हणजे दिवसाला जेमतेम १५ मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आणि अपेक्षित आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी जास्त आढळले. त्यापुढील प्रत्येक जादा १५ मिनिटांमागे हे प्रमाण आणखी सुमारे ४ टक्क्यांनी घटत गेले. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत : पहिल्या पंधरा मिनिटांचे १४ आणि पुढच्या पंधरा मिनिटांचे ४. सर्वांत मोठा लाभ ज्या टप्प्यावर पदरात पडतो, नेमका तोच टप्पा संदेशाने निरुपयोगी ठरवला आहे. शिवाय हा लाभ सर्व वयोगटांत, स्त्री-पुरुष दोघांत आणि हृदयविकाराचा धोका असलेल्यांतही दिसला, म्हणजे माझ्या आत्यासारख्यांतही.

अशा अभ्यासातून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, कारण मुळात निरोगी असलेला माणूसच अधिक चालतो अशी शंका घेता येते. संशोधकांनी वय, धूम्रपान, आजार यांचा हिशेब करूनही ती पूर्णपणे मिटत नाही. ही शंका रास्त आहे. पण ती घेण्याचा अधिकार, एकही अभ्यास न दाखवता ‘शून्य’ म्हणणाऱ्याला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवतात आणि त्याच सूचना असेही सांगतात की काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे चांगले. प्रकृती ही ३५ गुणांची परीक्षा नाही की ३४ मिळाले म्हणजे नापास.

दहा हजारांच्या आकड्यामागे तर वैद्यकशास्त्र नव्हतेच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली आणि १९६५ मध्ये यामासा या कंपनीने पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले. दहा हजार हा आकडा त्या यंत्राच्या नावातच होता आणि तेथूनच तो जगभर गेला. पुढे अमेरिकेतील सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांची पावले यंत्राने मोजून केलेल्या २०१९ च्या अभ्यासात, रोज साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले आणि साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ स्थिरावला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते. मिनिटाला शंभर पावले धरली तरी दहा हजारांना शंभर मिनिटे लागतात. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला असा आकडा देणे म्हणजे त्याला घरी बसवणे होय.

आता घामाविषयी. माझ्या मते संदेशातील सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातक मुद्दा हाच आहे, आणि तो नागपुरात पसरावा हे विशेष. घाम शरीर थंड करण्यासाठी येतो. तो किती येईल आणि किती दिसेल हे हवेचे तापमान, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि सवय यांवरही अवलंबून असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. सदरा भिजत नाही, कॉलरवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. ऑगस्टमध्ये सीताबर्डीवर बसची वाट पाहत नुसते उभे राहिले तरी पाठ चिंब होते. डिसेंबरच्या सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ झपाझप चढणाऱ्याच्या कपाळावर एक थेंबही नसतो. या मोजपट्टीने मे आणि डिसेंबरमधील चालणे फुकट आणि ऑगस्टमधील उभे राहणे हा व्यायाम ठरेल.

एवढ्यावर हसून सोडून देता आले असते. परंतु कपडे भिजलेच पाहिजेत असे मनावर घेतलेला माणूस ऊन चढेपर्यंत चालत राहतो किंवा जाड जॅकेट घालून फिरतो. हा संदेश वाचणाऱ्यांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे पुष्कळ असतात आणि त्यांतील काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढणाऱ्या असतात. उतारवयात तहानही उशिरा लागते. त्यात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणारा मधुमेही रिकाम्या पोटी दीर्घकाळ चालला, तर त्याची साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. तसे झाल्याच्या पहिल्या खुणांपैकी एक म्हणजे दरदरून येणारा घाम, तर थंड घाम हे हृदयविकाराच्या झटक्याचेही लक्षण असू शकते. ज्या क्षणी थांबून साखर तोंडात टाकायची किंवा मदत मागायची, त्या क्षणी हा संदेश माणसाला ‘आता कुठे व्यायाम सुरू झाला’ असे समाधान देतो. हृदयरोगतज्ज्ञाच्या नावावर असे लिहिणाऱ्याची मला खरोखर चीड येते. श्रमाची मध्यम पातळी ओळखण्याची साधी खूण वेगळीच आहे : चालताना सलग वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये.

चरबीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेवढे नाइलाजाने मान्य करतो. व्यायाम लांबला की इंधनातील चरबीचा वाटा वाढतो आणि वजन लक्षणीय उतरवायचे असेल तर आठवड्याला १५० मिनिटेही पुरत नाहीत. परंतु साखर आणि चरबी दोन्ही पहिल्या मिनिटापासून जळत असतात. अगदी स्वस्थ बसलेले असतानाही चरबी जळतेच. चाळिसाव्या मिनिटाला उघडणारे कोणतेही दार शरीरात नाही. शिवाय रक्तदाब, रक्तातील साखर आणि झोप यांवर व्यायामाचा जो परिणाम होतो, तो वजन तसूभरही न उतरता होऊ शकतो.

घरकामाचेही तसेच. ओट्याशी उभे राहून फोडणी देणे हा व्यायाम नव्हे, हे खरे. पण वाकून फरशी पुसणे, जिने चढणे किंवा उन्हाळ्यात बादल्या वाहून कूलरची टाकी भरणे यांत धाप लागत असेल तर ते श्रम मोजले जातात. पूर्वी किमान दहा मिनिटांचा सलग तुकडाच धरावा अशी अट असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ती काढून टाकली. खंडाबाबत इतकेच की शिफारस आठवड्याची आहे, दिवसाची नाही. मधुमेहींमध्ये इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद व्यायामानंतर सुधारतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो, म्हणून त्यांनी सलग दोन दिवसांहून अधिक खंड पाडू नये. आठवड्याची मेहनत वाया जाण्याशी याचा काही संबंध नाही.

राहिला साठीनंतर वजन न उचलण्याचा सल्ला. तो सरळसरळ उलटा आहे. वयाबरोबर स्नायू घटतात, आणि जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा हिस्सा स्नायूच उचलतात. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी लागेल असा व्यायाम आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तीन दिवस तोल व ताकद यांचा व्यायाम करावा, अशी शिफारस आहे. त्यासाठी जिमचे शुल्क भरण्याची गरज नाही. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी वर-खाली करणे एवढ्यापासून सुरुवात होते. चालताना छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर जड वजन हाती घेण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. पंधरा मिनिटे चालण्यासाठी मात्र अशांपैकी काही नसलेल्या माणसाने कोणाचीही परवानगी घेण्याचे कारण नाही.